उतारशाळेचा रक्षक

मानवी देहातील अवयवांपैकी हृदयाच्या वाट्याला जेवढा गौरव आला, तेवढा दुसऱ्या कोणाच्या वाट्याला आला नाही. कवींनी त्याचे गुणगान केले, भक्तांनी ते देवाला अर्पण केले, आणि आम्ही कॅथलिक मंडळींनी तर प्रभू येशूच्या पवित्र हृदयाची तसबीर घराच्या दर्शनी भिंतीवर लावली. मूत्रपिंडाचे नाव मात्र चारचौघांत घेताना जीभ अडखळते. पवित्र शास्त्राला हा संकोच ठाऊक नाही. जुन्या कराराच्या मूळ हिब्रू संहितेत परमेश्वर माणसाची पारख करतो ती दोन ठिकाणी : एक हृदय आणि दुसरे 'किलयोत'. किलयोत म्हणजे मूत्रपिंडे. यिर्मयाच्या ग्रंथात हा शब्द येतो, स्तोत्रांतही येतो. सोळाव्या स्तोत्रात तर रात्रीच्या वेळी माणसाला बोध करणारा अवयव तोच आहे. भाषांतरकारांनी तेथे अंतःकरण, अंतर्याम अशा अर्थाचे शब्द योजले, त्यामुळे मूळचा तो रोखठोक देहवाचक शब्द आपल्या कानांपर्यंत पोहोचला नाही, इतकेच.

सेमिनरीत हिब्रूचे प्राथमिक धडे गिरवताना हा शब्द समोर आला, तेव्हा आम्हा विद्यार्थ्यांत हसू पिकले होते. पुढे वऱ्हाडातील खेड्यापाड्यांत आजाऱ्यांना ख्रिस्तप्रसाद देत हिंडताना मात्र त्या प्राचीन लोकांचे शहाणपण उमगू लागले. मूत्रपिंडे थकली म्हणजे माणसाची आणि त्याच्या घराची जी पारख होते, ती अन्य कोणत्याही दुखण्यात क्वचितच होत असेल.

ही दोन पिंडे प्रत्येकी मुठीएवढी, पाठीच्या बाजूस कण्याच्या दोहो अंगांस वसलेली. दिवसाकाठी सुमारे १८० लिटर द्रव ती रक्तातून गाळून घेतात, त्यातील जवळजवळ सगळा देहाला परत करतात आणि लिटर-दीड लिटर तेवढा टाकाऊ म्हणून बाहेर धाडतात. क्षारांचा तोल, रक्तदाब, हाडांची बळकटी, नवे रक्त घडण्यासाठी लागणारी सूचना, ही सारी कामे त्यांचीच. गुणी नोकराप्रमाणे ती गाजावाजा न करता राबतात, आणि दुर्दैवाने बिघडतातही गाजावाजा न करताच. पायांवर सूज येते, अन्नावरची वासना उडते, धाप लागते, तोवर बहुतांश शक्ती संपलेली असते.

त्यामागील कारणांत मधुमेह आणि उच्च रक्तदाब ही दोन नावे सर्वांत वरची. दुखऱ्या गुडघ्यांसाठी वर्षानुवर्षे मनाने घेतलेल्या वेदनाशामक गोळ्याही आपला वाटा उचलतात. आमच्या शेजारच्या पूर्णा नदीच्या खोऱ्यात, अकोला-बुलडाणा-अमरावती या जिल्ह्यांत पसरलेल्या खारपाणपट्ट्यात, भूगर्भातील पाणीच खारट आहे. संग्रामपूर, जळगाव जामोद या तालुक्यांतील गावांमधून मूत्रपिंडाच्या विकाराची गाऱ्हाणी कित्येक वर्षे वृत्तपत्रांत येत राहिली आहेत. मधुमेही आणि रक्तदाबाच्या माणसाने वर्षातून एकदा रक्तातील क्रिएटिनीन आणि लघवीतील प्रथिने तपासून घ्यावीत, एवढे सांगून आम्ही पुढे जातो; कारण आजचा आमचा विषय दुखणे कसे येते हा नसून, ते आल्यावर घर त्याला कसे सामोरे जाते, हा आहे.

शेलूबाजार हे वाशीम जिल्ह्यातील मंगरूळपीर तालुक्याचे गाव. नागपूरहून मराठवाड्याकडे जाणारा जुना मार्ग आणि अकोल्याहून मंगरूळपीरकडे जाणारा रस्ता येथे एकमेकांना छेदतात. चौक सदा गजबजलेला. सोयाबीन-तुरीच्या हंगामात तर पाय ठेवायला जागा नसते. ११ डिसेंबर २०२२ रोजी नागपूर ते शिर्डी हा टप्पा खुला झाला, तो समृद्धी महामार्गही येथून जवळूनच जातो. रस्त्यांची अशी श्रीमंती असलेल्या या गावात आपली कॅथलिक घरे बोटांवर मोजण्याइतकी. आमच्या धर्मग्रामाच्या अगदी टोकाची ही वस्ती.

त्यांपैकी एका घराविषयी आम्ही लिहीत आहोत. नाव सांगण्याचे कारण नाही. घरधन्याचे वय साठीच्या आतले. मोटारसायकल दुरुस्तीचे छोटे दुकान. वीस वर्षांचा मधुमेह. मुलगा पुण्याला नोकरीस. घरात हे गृहस्थ आणि त्यांची पत्नी, अशी दोनच माणसे. मूत्रपिंडे निकामी झाल्याचे निदान झाले, आणि ज्या चौकातून सगळीकडे जाता येते असा त्यांना अभिमान होता, त्याच चौकातून त्यांची अकोल्याची वारी सुरू झाली.

यंत्राद्वारे रक्त शुद्ध करण्याच्या उपचाराला हिमोडायलिसिस म्हणतात. हातातील शिरेवाटे रक्त बाहेर काढून कृत्रिम गाळणीतून फिरवायचे आणि देहात परत सोडायचे. एका वेळी सुमारे चार तास, आठवड्यातून दोनदा वा तीनदा. एका बैठकीला साधारणपणे १२० लिटर अतिशुद्ध पाणी लागते. ज्यांचे घर रुग्णालयाजवळ आहे, त्यांना हा उपचार मोठाच आधार देतो. परंतु शेलूबाजारच्या माणसाला चार तासांच्या उपचारासाठी पहाटेची गाडी पकडावी लागे आणि घरी परतेपर्यंत दिवेलागण होई. दुसरा दिवस थकव्यात जाई. तिसऱ्या दिवशी पुन्हा पहाटेची गाडी. दुकानाचे दार आठवड्यातून किती दिवस उघडत असेल, याचा हिशेब वाचकांनीच करावा. सोबत जाणाऱ्या पत्नीचा दिवस तर कोणाच्याच हिशेबात धरला जात नव्हता.

या उपचाराचा इतिहास आम्ही कुतूहलाने वाचला, आणि त्यात एका धर्मगुरूने थबकून विचार करावा अशी दोन-तीन स्थळे आढळली. हॉलंडवर जर्मनांचा ताबा असताना, १९४३ साली, कांपेन या गावी विलेम कोल्फ नावाच्या तरुण डॉक्टराने लाकडी पट्ट्यांचे पिंप आणि सॉसेजच्या वेष्टनाला वापरतात ती सेलोफेनची नळी यांतून पहिले कृत्रिम मूत्रपिंड उभारले. आरंभीचे रुग्ण जवळजवळ सारे दगावले. सप्टेंबर १९४५ मध्ये सदुसष्ट वर्षांची एक स्त्री वाचली, आणि हे यंत्र जीव वाचवू शकते हे प्रथमच सिद्ध झाले. ही स्त्री युद्धकाळात शत्रूला मिळालेली, म्हणून तुरुंगात असलेली, गावकऱ्यांच्या द्वेषाचा विषय झालेली होती. कोल्फ यांनी तिच्याकडे केवळ रुग्ण म्हणून पाहिले.

दुसरे स्थळ अमेरिकेतील सिअ‍ॅटलचे. १९६० साली बेल्डिंग स्क्रिब्नर यांनी हातात कायमची ठेवता येईल अशी टेफ्लॉनची नळी बसवली, आणि ज्यांची मूत्रपिंडे कायमची गेली आहेत त्यांनाही वर्षानुवर्षे जगवणे शक्य झाले. पण यंत्रे थोडी, रुग्ण पुष्कळ. मग कोणाला जगवायचे हे ठरवण्यासाठी सात नागरिकांची समिती नेमली गेली. तीत एक वकील होता, एक बँकेतील अधिकारी होता, एक गृहिणी होती, आणि एक धर्मोपदेशकही होता. उमेदवाराचे उत्पन्न, त्याचे कुटुंब, त्याची समाजातील पत, तो चर्चला जातो की नाही, याही गोष्टी तेथे विचारात घेतल्या जात. १९६२ साली 'लाइफ' साप्ताहिकातून हे जगापुढे आले तेव्हा मोठी खळबळ उडाली. त्या खुर्चीत बसलेल्या धर्मोपदेशकाच्या जागी स्वतःची कल्पना करून पाहताना आमच्या अंगावर काटा येतो.

मात्र त्या कठोर समितीच्याच एका नकारातून घरच्या उपचाराची एक वाट फुटली. एका किशोरवयीन मुलीला तिच्या वयामुळे समितीने नाकारले. तेव्हा स्क्रिब्नर यांच्या सहकाऱ्यांनी आणि विद्यापीठातील अभियंत्यांनी, घरात ठेवता येईल असे लहान यंत्र तिच्यासाठी तयार केले. १९६४ साली तिच्यावरील उपचार तिच्या घरीच सुरू झाले. रुग्णालयात जागा नाही म्हणून घराचे दार उघडले गेले.

आपल्या देशात घरच्या डायलिसिसची जी कथा सर्वांच्या कानी गेली, तिचा धागा महाराष्ट्रातून जातो. जून १९७५ मध्ये आणीबाणीत अटक झालेल्या जयप्रकाश नारायण यांची मूत्रपिंडे स्थानबद्धतेत निकामी झाली. नोव्हेंबरमध्ये सुटका झाल्यावर त्यांना मुंबईच्या जसलोक रुग्णालयात आणण्यात आले, आणि तेथे त्यांचे डायलिसिस सुरू झाले. पुढे त्यांच्यासाठी यंत्र घ्यावयाचे ठरले, तेव्हा देशभरातील सामान्य माणसांनी आपापल्या ऐपतीप्रमाणे वर्गणी दिली. पंतप्रधानांकडून आलेली रक्कम मात्र त्यांनी स्वीकारली नाही. ते यंत्र घेऊन जयप्रकाशजी पाटण्यास परतले. ८ ऑक्टोबर १९७९ रोजी देहावसान होईपर्यंत त्यांचे आयुष्य त्या यंत्राच्या आधाराने चालले. कदमकुआँ भागातील त्यांच्या निवासातच, त्यासाठी शिकून तयार झालेल्या जवळच्या माणसांच्या हातून, त्यांच्यावर उपचार होत. एका लोकनायकासाठी सारा देश जे करू शकला, ते एका गॅरेजवाल्यासाठी एखादा चौक, एखादा धर्मग्राम करू शकेल काय, हा प्रश्न ती हकीकत वाचल्यापासून आमच्या मनात घर करून आहे.

शेलूबाजारच्या त्या घरी जे आले ते यंत्र नव्हे. अकोल्याच्या डॉक्टरांनी त्यांना दुसरा मार्ग सुचवला, त्याला लोक 'पोटाचे डायलिसिस' म्हणतात. आपल्या आतड्यांभोवती पेरिटोनियम नावाचा एक पातळ पडदा निसर्गानेच घातला आहे. त्यालाच गाळणी मानायचे. पोटात कायमची बसवलेल्या मऊ नळीवाटे दोन लिटर द्रावण आत सोडायचे. चार-सहा तासांत रक्तातील विषारी द्रव्ये आणि जादा पाणी पडद्यातून झिरपून त्यात उतरते. मग ते काढून टाकायचे आणि नवे भरायचे. हेन्री टेन्कहॉफ यांनी १९६८ साली ही नळी सिद्ध केली. १९७६ साली टेक्सासमधील ऑस्टिन येथे पोपोविच आणि मॉन्क्रीफ यांनी रुग्णाला हिंडतेफिरते ठेवून अखंड चालणारी ही पद्धत मांडली, आणि लवकरच टोरोंटोमध्ये ओरिओपोलस यांनी काचेच्या बाटल्यांऐवजी प्लास्टिकच्या पिशव्या आणून ती सुटसुटीत केली. भारतात ती १९९१ पासून आहे. हाँगकाँगने तर १९८५ पासून, शक्य त्या प्रत्येक रुग्णाला प्रथम हाच उपचार देण्याचे धोरण ठेवले.

हिला वीज लागत नाही, हे आमच्या विदर्भातील वाचकांना वेगळे सांगायला नको. शेकडो लिटर पाणी लागत नाही, हे ज्यांनी मे महिन्यात टँकरची वाट पाहिली आहे त्यांनाही सांगायला नको. पिशवी उंच अडकवली की द्रावण उतारानेच आत जाते, आणि रिकामी पिशवी जमिनीवर ठेवली की उतारानेच बाहेर येते. तीन किंवा चार वेळा, दर वेळी अर्धा-पाऊण तास. उरलेला दिवस माणूस आपल्या घरात, आपल्या दुकानात, आपल्या माणसांत. सर्वांनाच ही पद्धत चालते असे नाही. पोटावर पूर्वी मोठ्या शस्त्रक्रिया झालेल्यांना ती बहुधा जमत नाही. कोणती पद्धत कोणाला, हे डॉक्टरांनीच ठरवावे.

सोपी दिसणारी ही गोष्ट कसोशीची आहे. त्या गृहस्थांची नजर मधुमेहाने अधू झालेली, म्हणून पिशवी बदलण्याचे काम पत्नीकडे आले. सातवीपर्यंत शिकलेली ही माउली रुग्णालयात परिचारिकेच्या हाताखाली शिकली आणि उत्तीर्ण होऊन आली. तिचे काम आम्ही पाहिले आहे. ती दार-खिडकी लावते. पंखा बंद करते आणि उन्हाळ्यात कूलरही बंद करते, कारण वाऱ्याबरोबर धूळ आणि जंतू येतात. पारा पंचेचाळीसला टेकलेला असताना बंद खोलीत तोंडाला मास्क बांधून ती हात धुते, बोटांच्या बेचक्यांतून, नखांच्या कडांतून, मनगटापर्यंत. कोरड्या स्वच्छ कापडाने हात टिपते आणि मग कशालाही स्पर्श न करता टोपण काढून नळी जोडते. मिस्सामध्ये अर्पणाच्या वेळी आम्ही धर्मगुरू बोटांवर पाणी घेतो. त्या बाईंचे हात धुणे पाहिल्यापासून आम्हीही ते पाणी अधिक सावकाश घेऊ लागलो आहोत.

पोटातून आलेले द्रावण स्वच्छ, पिवळसर असले पाहिजे. पिशवीखाली वर्तमानपत्र ठेवले तर अक्षरे वाचता आली पाहिजेत. ते गढूळ दिसले, पोटात दुखू लागले, ताप आला, तर तो पडद्याच्या जंतुसंसर्गाचा इशारा. तेव्हा ती पिशवी तशीच घेऊन तातडीने रुग्णालय गाठायचे. या द्रावणाबरोबर अंगातील प्रथिनेही वाहून जातात, म्हणून अंडी, डाळ, मासे यांची भर हवी. द्रावणात साखर असते, म्हणून मधुमेह्याने अधिक जपायचे. किती आत गेले, किती बाहेर आले, वजन किती, रक्तदाब किती, हे सारे एका वहीत. मुलाच्या जुन्या शाळेच्या वहीत उरलेल्या कोऱ्या पानांवर तिने ते ओळीने लिहून ठेवले आहे. एकही रकाना रिकामा नाही.

आणि खोकी! रोज तीन पिशव्या म्हणजे महिन्याला नव्वद. प्रत्येकी दोन लिटर म्हणजे १८० लिटर द्रावण. महिन्यातून एकदा ही खोकी येतात आणि पूर्वी तुरीची पोती असत त्या भिंतीला लागून रचली जातात. जड असतात, उन्हातही ठेवून चालत नाहीत. दोन खोल्यांच्या घरातील सर्वांत गार कोपरा आता त्यांचा आहे.

पहिले वर्ष चांगले गेले. दुकान अर्धा दिवस उघडू लागले. नाताळच्या मध्यरात्रीच्या मिस्साला ते दोघे आले. रात्रीच्या पिशवीची वेळ त्यांनी पुढेमागे करून घेतली होती. गावातील लोक कौतुक करीत. आम्हीही केले. घरी उपचार, घरचे अन्न, घरचे माणूस, याहून अधिक काय हवे, असे सर्वांनाच वाटे.

मग एका भेटीत, ख्रिस्तप्रसाद देऊन आम्ही निघत असताना, त्या बाईंनी ओट्यावर येऊन हळूच विचारले, "फादर, मले ताप आला तं रातची पिशवी कोन लावीन?"

तक्रार नव्हती ती. साधा, व्यवहाराचा प्रश्न होता. वर्षभरात त्या माहेरी गेल्या नव्हत्या. बहिणीच्या घरचे लग्न झाले, पण त्या गेल्या नाहीत. त्यांना सलग सहा तास झोप कधी लागली, हे त्यांनाही आठवत नव्हते. रुग्णालयाने रुग्णाला घरी पाठवले याचा खरा अर्थ त्या प्रश्नात होता. डॉक्टर, परिचारिका, मदतनीस आणि सफाई कामगार अशा चारपाच जणांचे काम एका बाईच्या हाती आले होते, आणि तिच्या पाळीला संपण्याची वेळ नव्हती.

त्याच आठवड्यात घरधन्यानेही आम्हाला एकांतात विचारले, "एखाद्या दिवसापासून पिशवी लावनंच बंद केलं तं पाप लागते काय?" हा प्रश्न विचारणारा मनुष्य निराश नव्हता. त्याला पत्नीचे हाल पाहवत नव्हते.

या प्रश्नाला ख्रिस्तसभेचे उत्तर आहे, आणि ते पुष्कळांना वाटते तितके कठोर नाही. २४ नोव्हेंबर १९५७ रोजी पोप बाराव्या पायस यांनी डॉक्टरांपुढे केलेल्या भाषणात स्पष्ट केले, की प्राण राखण्यासाठी साधारण साधने वापरणे हे माणसाचे कर्तव्य आहे. असाधारण साधनांची सक्ती नाही. साधारण म्हणजे कोणती? व्यक्ती, स्थळ, काळ आणि परिस्थिती पाहता जी स्वतःवर किंवा दुसऱ्यावर फार जड ओझे टाकत नाहीत ती. १९९२ च्या कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथानेही हाच मार्ग पुढे नेला : लाभाच्या मानाने अतिशय क्लेशदायक झालेला उपचार थांबवणे म्हणजे मृत्यू ओढवून घेणे नव्हे, आणि तो निर्णय शक्यतो रुग्णाचाच. देह खरोखरच थकला असेल, उपचाराने आता दिवस वाढत नसून केवळ वेदना वाढत असतील, तर डायलिसिस थांबवणारा मनुष्य पापी ठरत नाही. अशा कितीतरी जणांना आम्ही तैलाभ्यंग दिला आहे आणि शांत मनाने निरोप दिला आहे.

पण पायस यांच्या त्या वाक्यातील 'दुसऱ्यावर' या शब्दापाशी आम्ही बराच काळ अडून राहिलो. रुग्णाच्या उपचाराचे ओझे दुसऱ्यावर किती पडते, तेही मोजले पाहिजे, असे ख्रिस्तसभा म्हणते. मग ते ओझे एकीच्याच डोक्यावर का राहिले, हेही विचारले पाहिजे. तीच पिशवी, तीच नळी, तेच दोन लिटर द्रावण. एका बाईने एकटीने रोज उचलले तर काही महिन्यांत ते असह्य होते, आणि पाच जणांनी मिळून उचलले तर त्यात एखाद्याचा कष्टाचा एक तास जातो. साधन साधारण की असाधारण, हे खोक्यावर छापलेले नसते. पुष्कळदा ते शेजाऱ्यांच्या संख्येवर ठरते. दुखण्याला कंटाळून एखादा उपचार थांबवू पाहत असेल, तर आम्ही त्याच्यापाशी बसून त्याचे ऐकू. परंतु बायको थकली म्हणून तो जगणे थांबवू पाहत असेल, तर तो प्रश्न त्याच्या सदसद्विवेकबुद्धीचा राहत नाही. तो आपल्या सगळ्यांना विचारलेला प्रश्न असतो. त्या गृहस्थांना आम्ही हेच सांगितले आणि थोडी मुदत मागून घेतली.

दयाळू शोमरोन्याचा दाखला आपण लहानपणापासून ऐकत आलो. याजक पुढे गेला, लेवी पुढे गेला, शोमरोनी थांबला. त्याने जखमा बांधल्या, जखमी माणसाला आपल्या जनावरावर बसवले आणि उतारशाळेत नेले. आपल्या प्रवचनांची गाडी बहुधा येथेच थांबते. पण दुसऱ्या दिवशी शोमरोनी आपल्या कामाला गेला. दोन दीनार देऊन त्याने जखमी माणसाला उतारशाळेच्या रक्षकावर सोपवले. त्यानंतर किती रात्री गेल्या, कोणी पट्ट्या बदलल्या, कोणी पाणी पाजले, कोणी अंथरूण धुतले? त्या रक्षकाचे नाव नाही, त्याच्यावर प्रवचन नाही. घराघरांतून आजाऱ्यांची सेवा करणाऱ्या स्त्रिया म्हणजे या दाखल्यातील तो रक्षक आहेत, असे आम्हाला वाटते.

शोमरोन्याने मात्र जाताना एक गोष्ट केली. अधिक खर्च झाला तर परत येईन तेव्हा तो भरून देईन, असे त्याने सांगितले. म्हणजे तो रक्षकाला विसरला नव्हता. परत येण्याचा आणि हिशेब चुकता करण्याचा शब्द त्याने दिला. धर्मग्रामाची जागा या दाखल्यात कोठे, असे कोणी विचारले, तर आम्ही या शब्दाकडे बोट दाखवू.

शेलूबाजारला पुढे जे झाले ते फार मोठे नाही. शेजारच्या बौद्ध कुटुंबातील, बारावी झालेली मुलगी आपणहून पुढे आली. रुग्णालयातील परिचारिकेने तिला रीतसर शिकवले आणि तिच्याकडून अनेकदा करवून घेतल्यावरच परवानगी दिली. आठवड्यातील दोन रात्री आता तिच्या. खोकी येतात त्या दिवशी आपल्या दोन घरांतील तरुण ती उतरवून घेतात. एका घरातून शनिवारी डाळ-अंड्यांचे जेवण येते. बाई बहिणीकडे चार दिवस राहून आल्या. गृहस्थांची प्रकृती पूर्वीइतकीच नाजूक आहे. साखर अधूनमधून वर जाते, गेल्या पावसाळ्यात एकदा जंतुसंसर्गही झाला आणि अकोल्यास राहावे लागले. आयुष्य किती, हे आम्ही सांगू शकत नाही. पिशवी बंद करण्याचा विषय मात्र त्यांनी पुन्हा काढलेला नाही.

शासनानेही काही पावले टाकली आहेत, ती आपल्या कुटुंबांना ठाऊक असावीत. २०१६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम जाहीर झाला, आणि जिल्हा रुग्णालयांतून गरीब रुग्णांना मोफत हिमोडायलिसिस मिळण्याची वाट खुली झाली. २०१९ मध्ये पोटाच्या डायलिसिससाठीही त्याच कार्यक्रमाच्या मार्गदर्शक सूचना निघाल्या. महाराष्ट्रात २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली. २०१७ पासून ती महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना या नावाने ओळखली जाते, आणि डायलिसिसचा तीत समावेश आहे. पिशव्यांचा खर्च सामान्य कुटुंबाला पेलणारा नसतो. म्हणून निदान होताच जिल्हा रुग्णालयात आणि योजनेच्या आरोग्यमित्राकडे चौकशी करावी. शिकलेल्या तरुणांनी ही कागदपत्रांची धावपळ दुसऱ्याच्या घरासाठी केली, तर तीही आजाऱ्याची सेवाच आहे.

धर्मग्रामातील कुटुंबांना आमचे मागणे साधे आहे. आजाऱ्याच्या भेटीस जाल तेव्हा पिशवी बदलण्याच्या वेळी जाऊ नका. आधी वेळ विचारून घ्या. बाहेरून आल्यावर हात धुवा, सर्दी-खोकला असेल तर दारातूनच विचारपूस करा. फळांची करंडी नेण्याआधी पथ्य विचारा. मूत्रपिंडाच्या रुग्णाला सगळीच फळे चालत नाहीत. आजाऱ्याशी बोलून झाले की स्वयंपाकघराकडेही वळा, आणि तेथे राबणाऱ्या बाईला "तुम्ही कधी झोपलात?" असे विचारा. उत्तर ऐकून हळहळू नका. आपली एक रात्र, एक दुपार, एक फेरी तिला द्या.

पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९९२ साली जाहीर केलेला आजाऱ्यांचा जागतिक दिन १९९३ पासून दर वर्षी ११ फेब्रुवारीला, लूर्द मातेच्या सणादिवशी, पाळला जातो. आपल्या चर्चमध्ये त्या दिवशी आजाऱ्यांना पुढच्या बाकांवर बसवतात, तैलाभ्यंग देतात, फूल देतात. येत्या वर्षी त्यांना घेऊन आलेल्यांनाही त्यांच्या शेजारी बसवावे, आणि मिस्सा संपल्यावर एक वही बाकांवरून फिरवावी. कोणत्या घरी कोणत्या वारी कोण जाईल, एवढेच तीत लिहायचे.